वादळाआधी घर सोडायला किती पैसे लागतात?

२०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन नावाचं वादळ अमेरिकेतल्या फ्लोरिडाकडे निघालं होतं. आमच्या भावकीतला एक मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याने गाडीतूनच एक व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. हमरस्ता, सगळी वाहनं एकाच दिशेला, मुंगीच्या चालीने. त्याने टाकी आदल्या दिवशीच भरली होती, फोनवरून लांबच्या गावात हॉटेलची खोली धरली होती, कंपनीने कुठूनही काम करा म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी ओट्यावर तो व्हिडिओ पाहताना नाना म्हणाले, "चार-चार दिवस आधी कळतं, सरकार हात जोडून सांगतं की निघा. तरी माणसं मरतातच. ऐकायचंच नसेल तर कोण काय करणार?"

नानांचं हे बोलणं तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण आम्ही तापीकाठचे, चोपडा तालुक्यातले. तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याही मोबाइलवर निरोप येतो, नदीकाठच्यांनी सावध राहावं. आणि आमच्याकडेही काही माणसं निघत नाहीत. त्यांना हट्टी म्हणून मोकळं होण्याआधी, निघायला नेमकं काय काय लागतं ते एकदा मांडून पाहू.

वादळात जीव घेतं कोण?

हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची नावं. अटलांटिक महासागरात उठलं की हरिकेन, चीन-जपानकडे टायफून, बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ. वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटरला पोचला की अमेरिकेत त्याला हरिकेन म्हणतात आणि वेगानुसार एक ते पाच असे वर्ग लावतात.

टीव्हीवर दिसतो तो वारा, पण सगळ्यात जास्त बळी घेतं ते पाणी. परातीत पाणी घ्या आणि तळहाताने एका कडेला लोटा. पाणी कडेवर चढतं आणि बाहेर सांडतं. वादळाचा वारा समुद्राला तसाच किनाऱ्याकडे लोटतो. अशा चढलेल्या पाण्याला वादळी उधाण म्हणतात. २००५ च्या कॅटरिना वादळात मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर हे उधाण २७ फुटांच्या वर गेलं होतं. दुमजली घर बुडेल एवढं. पक्कं घर माणसाला वाऱ्यापासून वाचवू शकतं, अशा पाण्यापासून नाही. तिथे एकच उपाय उरतो, पाणी यायच्या आधी तिथून निघून जाणं. सरकारी भाषेत याला इव्हॅक्युएशन म्हणतात. मी पुढे साधं ‘निघणं’ म्हणेन.

समुद्र लांब आहे म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. मिल्टनच्या दोन आठवडे आधी आलेल्या हेलिन वादळाने किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पूर आणून गावंच्या गावं खरवडून नेली.

निघण्याचा हिशेब

इशारा फुकट मिळतो. निघणं विकत घ्यावं लागतं. हा सगळा लेख खरं तर या एका गोष्टीसाठी आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, फ्लोरिडातलंच एक कुटुंब. बाप एका खानावळीत भांडी घासतो, आई तासाच्या मजुरीवर साफसफाई करते, दोन मुलं, एक आजी. यांना चार दिवसांसाठी निघायचं आहे. गाडी असेल तर पेट्रोल. तीन रात्रींची हॉटेलची खोली, आणि स्वस्तातल्या खोल्या सगळ्यात आधी संपतात. दिवाळीत पुण्याहून जळगावला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं भाडं आठवा. सगळ्यांना एकाच दिवशी निघायचं असतं, तेव्हा गरज हाच भाव ठरतो. मग पाच माणसांचं बाहेरचं जेवण, आजीची औषधं. आणि या सगळ्याहून मोठी रक्कम म्हणजे दोघांची बुडालेली मजुरी. तासावर काम करणाऱ्याला न केलेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत. मालकाने दुकान वादळाच्या आदल्या दुपारपर्यंत उघडं ठेवलं तर मजुरालाही तोवर थांबावं लागतं. न सांगता गेला तर परत आल्यावर काम राहीलच याची खात्री नाही. आमच्या भावकीतला मुलगा त्या गाडीत बसूनही पगारावर होता, हा फरक मला व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहताना जाणवला.

अमेरिका म्हणजे सगळे श्रीमंत, असं आपल्याला वाटतं. तिथली मध्यवर्ती बँक दरवर्षी एक पाहणी करते. त्यात विचारतात की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला, म्हणजे आपले पस्तीसेक हजार रुपये, तर तुम्ही तो हातातल्या पैशातून भागवाल का? २०२३ मध्ये ६३ टक्के लोकांनी हो म्हटलं. उरलेल्या ३७ टक्क्यांना कर्ज काढावं लागलं असतं, काही विकावं लागलं असतं, किंवा तो खर्च पेललाच नसता. पाच माणसांचं चार दिवसांचं निघणं ४०० डॉलरमध्ये बसणं अवघडच.

त्यात तारखेचा घोळ. कॅटरिना किनाऱ्यावर आलं ते २९ ऑगस्टला. लुईझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर सक्तीने रिकामं करण्याचा आदेश निघाला २८ ऑगस्टच्या सकाळी. म्हणजे वेळ जेमतेम एक दिवस, आणि तोही महिनाअखेरचा. सरकारी मदतीचे, पेन्शनचे पैसे येतात पहिल्या आठवड्यात. किराणा दुकानदाराच्या वहीत ज्यांचं नाव असतं त्यांना २८ तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. डब्यातलं पीठ मोजून घ्यायचे दिवस असतात ते.

गाडी नसेल तर?

त्या वेळी न्यू ऑर्लिन्समधल्या चारातल्या एकाहून अधिक घरांत गाडी नव्हती. शहर रिकामं करण्याची सगळी योजना मात्र ‘प्रत्येक जण आपापल्या गाडीने निघेल’ असं धरून चालली होती. पाणी ओसरायच्या आधीचे फोटो जगभर छापून आले होते. शाळांच्या पिवळ्या बसगाड्या, शेकड्यांनी, वाहनतळावर पाण्यात ओळीने उभ्या. बस होत्या. चालवायला माणसं आणि कुठे न्यायचं याचं ठरलेलं ठिकाण नव्हतं. हजारो लोक शहरातल्याच एका मोठ्या क्रीडागृहात जाऊन थांबले, आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेल्यावर तिथेच अडकले. लुईझियाना राज्यात दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक पंच्याहत्तरी उलटलेले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महिनाभराच्या आत रिटा नावाचं वादळ आलं. कॅटरिनाची भीती ताजी होती, म्हणून ह्यूस्टनच्या परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एकदम रस्त्यावर आली. उन्हात वाहनं अडकली, पेट्रोल संपलं. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. रिटामुळे जेवढे मृत्यू झाले त्यातले बहुतेक वादळाने नव्हे, निघण्याच्या धांदलीत झाले. म्हणजे ‘निघा’ एवढं सांगून काम संपत नाही. आजारी, म्हातारं माणूस घेऊन अठरा-अठरा तास रस्त्यावर काढणं हाही जिवाचाच प्रश्न आहे, आणि घरातल्या कर्त्या बाईला हे अधिकाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

न्यू ऑर्लिन्सने पुढे शहाणपण दाखवलं. शहरात १७ ठिकाणं ठरवली. वाहन नसेल तर इथे या, बस नेईल आणि बसच परत आणून सोडेल. २००८ मध्ये गुस्ताव वादळाच्या आधी सुमारे १८ हजार माणसं या मार्गाने बाहेर पडली. हीच माणसं तीन वर्षांपूर्वी ‘ऐकत नाहीत’ म्हणून गणली गेली होती.

पण जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?

नानांनी हे पुढचंच विचारलं, आणि वाचणाऱ्यांच्या मनातही असेल. नाही, मोठा नाही. पण जेव्हा निर्णय घ्यायचा असतो तेव्हा ‘जीव की पैसा’ असा सरळ सौदा समोर नसतो.

वैशाखात आपल्याकडे वावटळ उठते. ती उठलेली दिसते, येतेय तेही दिसतं, पण कोणाच्या वावरात शिरेल आणि कोणाच्या बांधावरून वळेल ते सांगता येत नाही. वादळाचंही तसंच. उपग्रहांमुळे अंदाज खूप सुधारला आहे, तरी दोन दिवस आधीच्या अंदाजात शंभरेक किलोमीटरची चूक होऊ शकते. म्हणून हवामान खातं एका रेघेऐवजी रुंद पट्टा दाखवतं, आणि त्या पट्ट्यातल्या सखल किनाऱ्यावरच्या सगळ्यांना निघायला सांगावं लागतं. त्यातल्या अनेकांच्या घराला शेवटी काहीच होत नाही.

शेतकऱ्याला हे समजावण्यासाठी मला दुबार पेरणीखेरीज चांगलं उदाहरण सापडत नाही. जूनमध्ये पाऊस येणार म्हणतात. ज्याच्या घरात बियाण्याच्या दोन बॅगांचे पैसे आहेत तो पेरतो. पाऊस दडी मारून बसला तर पुन्हा पेरतो. ज्याने एकच बॅग उधारीवर आणली आहे, तो ढगाकडे बघत थांबतो. दोघांनी अंदाज एकच ऐकलेला असतो, आणि दुसरा पहिल्यापेक्षा कमी शहाणा नसतो. त्याला फक्त एकदाही चुकणं परवडत नाही.

निघण्याचंही असंच. निघालो तर खर्च आजच होणार, नक्की होणार. थांबलो तर संकट कदाचित येईल, कदाचित नाही. सधन माणूस तीन वेळा उगाच निघाला तरी त्याचं बिघडत नाही. गरीब माणूस पहिल्यांदा निघतो, वादळ वळतं, घरभाडं थकतं, आणि दुसऱ्या इशाऱ्याच्या वेळी त्या थकलेल्या भाड्याची आठवण त्याला धरून ठेवते.

मागे काय राहतं?

आता इथे आपलंच बोलू. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावच्या तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, आणि शेकडो गुरं वाहून गेली. दाव्याला बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. दूध देणारी म्हैस म्हणजे घरातली रोजची आवक, बैलजोडी म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी. दवंडी ऐकून माणूस एकटा निघाला तरी त्याचं पुढचं वर्ष गोठ्यातच राहतं. "ढोरं सोडीसन कथा जाऊ, भाऊ?" (गुरं सोडून कुठे जाऊ?) हा प्रश्न मी नदीकाठी किती वेळा ऐकला असेल. त्याला उत्तर म्हणून ‘आधी जीव वाचवा’ एवढंच सांगणाऱ्याने कधी कर्ज काढून म्हैस घेतलेली नसते.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. कॅटरिनात कित्येकांनी कुत्र्या-मांजरांसाठी घर सोडलं नाही, कारण निवाऱ्यात प्राण्यांना मज्जाव होता. २००६ मध्ये तिथे कायदा झाला, की आपत्तीच्या योजनेत पाळीव प्राण्यांचीही सोय असली पाहिजे. बांगलादेशाने तर किनारपट्टीवर मातीचे उंच भराव घातले आहेत, खास गुरांसाठी. त्यांना तिकडे ‘किल्ला’ म्हणतात.

घराचं म्हणाल तर सगळ्यात कच्चं घर सगळ्यात खोलगट जागी असतं, कारण तीच जागा परवडते. न्यू ऑर्लिन्सच्या सखल भागात बहुतांश गरीब कृष्णवर्णीय राहत होते. फ्लोरिडात चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या घरांत गरीब राहतात, आणि वादळाचा इशारा आला की सगळ्यात आधी त्यांनाच निघायला सांगतात. आपल्याकडे नाल्याच्या काठची वस्ती बघा. जागा नावावर नसते. चार दिवस गेलो तर परत आल्यावर कोणी बसू देईल का, ही धाकधूक. पंचनाम्याच्या दिवशी घरी नसलो तर यादीत नाव राहून जाईल, ही दुसरी. तिकडे ज्यांच्याकडे राहण्याचे कागद नाहीत असे परदेशी मजूर सरकारी निवाऱ्यात जायला घाबरतात. तिथे पोलीस नाव विचारतील, असं त्यांना वाटतं.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. १९९१ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात आलेल्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली, आणि तरुण वयात बायकांच्या मृत्यूचं प्रमाण पुरुषांच्या कित्येक पट होतं. नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय उंबरा कसा ओलांडू. कडेवर मूल, अंगाला चिकटलेली साडी. निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी आणि संडास नाही. पुढे तिथे निवाऱ्यांमध्ये बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, दारोदार जाऊन सांगणाऱ्यांत बायका आल्या. आपल्याकडे पूर आला की जिल्हा परिषदेची शाळा उघडून देतात. त्या शाळेच्या संडासाला कडी आहे का, पाणी आहे का, हे जूनच्या आधी कोणी पाहतं का? वयात आलेली मुलगी घरात असलेल्या आईचा निर्णय त्या कडीवर ठरू शकतो.

तापीकाठी हे कसं दिसतं?

धरणाच्या निरोपात ‘क्युसेक’ असा शब्द असतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला तेलाचे दोन डबे भरतील एवढं, सुमारे २८ लिटर पाणी. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. लाख क्युसेक सोडलं की सेकंदाला २८ लाख लिटर. निरोपात आकडा येतो, पण ते पाणी माझ्या झोपडीच्या कितव्या पायरीला लागेल, हे त्यात नसतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीवरच्याच, गुजरातेतल्या उकाई धरणातून जवळपास ९ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. खान्देशातली लाखभर घरं सुरतेवर जगतात म्हटलं तरी चालेल. माझा मावसभाऊ तेव्हा तिथे लूमवर होता, तळमजल्यावर भाड्याच्या खोलीत. पाणी येणार हे कानावर होतं. पण पैसे कापडाच्या मापावर मिळतात आणि मशीन चालू होतं, तेव्हा तो निघाला नाही. शेवटी बायको-पोरांना घेऊन घरमालकाच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. गावाकडे फोन लागला तेव्हा तो आधी पाण्याबद्दल बोलला नाही. खोलीत ठेवलेला धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता भिजला, हे सांगत होता.

आणि गावाकडे? दरवाजे उघडल्याचा निरोप आला की आमच्याकडे काही माणसं नदीपासून लांब जाण्याऐवजी नदीकडे धावतात. मोटार काढायला. काठावर बसवलेला पंप, पाइप, स्टार्टर वाहून गेला तर केळीचं उभं पीक वाळतं. रात्री बॅटरी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना धोका कळत नाही असं मानणं चूक आहे. त्यांनी दोन धोके मोजलेले असतात.

सगळ्यात अवघड जागा सालदाराची. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरतं, उचल मिळते, आणि ती उचल वर्षभर कामातून फिटते. सातपुड्यातून आलेली कित्येक पावरा आदिवासी कुटुंबं अशी केळीच्या बागांत, नदीकाठच्या खोपटांत राहतात. निरोप येतो मराठीत, घरात बोलतात पावरी. मोबाइल असेल तर चार्जिंग नसतं. गावाच्या यादीत नाव नसतं, कारण मतदान डोंगरातल्या गावात. आणि उचल अंगावर असताना मालकाला न विचारता शेत सोडणं म्हणजे पळून जाणं समजलं जातं.

मग सक्ती करावी का?

पोलीस लावून काढलं तर माणसं निघतात, एकदा. परतल्यावर चोरांनी घर धुऊन नेलेलं दिसलं किंवा बकरी चोरीला गेलेली दिसली, की पुढच्या वेळी पोलीस यायच्या आत लपून बसतात.

ओडिशाने दुसरी वाट दाखवली. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर त्यांनी किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, गावापासून चालत पोचता येईल इतक्या जवळ. एरवी त्यातल्या अनेकांत शाळा भरते, त्यामुळे जागा ओळखीची असते. निघायला सांगायला गावातलाच पोरगा येतो, आजीला पाठीवर घेतो, निवाऱ्यात शिजवलेलं अन्न असतं. २०१९ च्या मे महिन्यात फनी वादळाच्या आधी १२ लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. ओडिशातले मृत्यू ६४. ते ६४ जीवही मोलाचेच, पण १९९९ शी तुलना करून पाहा. त्या वीस वर्षांत लोकांचा स्वभाव काही पालटला नव्हता. पालटलं होतं ते निघण्याचं अंतर आणि निघण्याचा खर्च.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेला मोठा पूर येणार असा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांनी पूर चढायची वाट न पाहता काठावरच्या गरीब कुटुंबांना आधीच पैसे पोचवले. नुकसानभरपाई पुरानंतर येते. हे पैसे पुराआधी आले, होडी ठरवायला, गुरं हलवायला, दोन दिवसांचं धान्य घ्यायला. फुकट पैसे दिले की लोक उधळतील, असं कोणी म्हणेल. नदी दारात येत असताना ते पैसे कशाला लागतात, हे दारातल्या माणसाला ठाऊक असतं.

गेल्या जूनमध्ये पोलीस पाटील, कोतवाल आणि मी नदीकाठची खोपटं मोजायला निघालो. नानाही आले, त्यांची केळीची बाग अगदी काठाला आहे. त्यांचा सालदार तिथेच राहतो, बायको, तीन लेकरं आणि चार बकऱ्या. पोलीस पाटलांनी त्याला विचारलं, पाणी सोडल्याचा निरोप आला तर काय करशील? तो नानांकडे बघून म्हणाला, "मालक म्हणतील तेव्हा निघेन." नाना काही वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांनी त्याला आपल्या मोटारसायकलवर मागे बसवलं, घरी नेलं, आणि ट्रॅक्टरची किल्ली ओसरीत कोणत्या खुंटीला असते ते दाखवलं. पलीकडच्या खळ्याच्या शेडमध्ये बकऱ्यांसाठी जागा करायचंही तिथेच ठरलं. रात्री मला उठवायची गरज नाही, असं नाना त्याला दोनदा म्हणाले.